कणभर

धंतोलीतल्या डॉक्टरने कागदावर एकच शब्द लिहिला
आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.
गहू.
मग पेनाला टोपण लावत म्हणाला, कणभरही नको.

कणभर म्हणजे किती,
हे तांडापेठेत कोणाला समजावणार?
दिगांबरजींच्या चक्कीवर तर हवासुद्धा गव्हाची.
भिंतीवर गहू, बल्बवर गहू,
त्यांच्या भुवयांवर तीस वर्षांचा गहू.
"आधी झाडून घेतो ना जी, मग तुमची ज्वारी टाकतो,"
ते म्हणाले.
मी डबा उचलला.
त्यांनी वजनाचा काटा उगाच पुसला.

मग लोहाओळीतून आणली ही.
बिडाची, हिरवी, नऊ किलोची हातचक्की,
लाकडी मुठीची.
बसवायची कुठे?
टेबल हलतं, ओट्याला पकड बसत नाही.
बाबांनी पायाच्या अंगठ्याने जागा दाखवली:
इथं. मागाचा खड्डा होता तिथं.

मी बुटीबोरीला लागलो त्या वर्षी
बुजवला होता आम्ही तो.
अजूनही उन्हाळ्यात तेवढा चौकोन
बाकी घराहून थंड लागतो, मांजर तिथंच झोपतं.
सिमेंट फोडलं,
मागाचा उरलेला सागवानी खांब रोवला,
त्यावर बोल्ट मारले.
बाबा बोलले नाहीत. दोनदा खांब हलवून पाहिला.

पहिले तीन पसे तांदूळ दळून फेकले.
करडे आले, तेलकट, लोखंडाच्या वासाचे.
चौथा पांढरा.
शलाका म्हणाली, हिने दात घासले.

एकोणतीस वर्षं धोट्याची दोरी ओढून
बाबांचा उजवा खांदा गेला, असं सगळे म्हणतात.
पण मूठ धरली की तो परत येतो,
दुसऱ्या पाळीच्या माणसासारखा,
जरा उशिरा, जरा कुरकुरत.
एका भाकरीला एकशे चाळीस फेरे.
शलाकाने मोजलेत.
आता ताटावर बसली की म्हणते,
आज सत्तरच वाढ, भूक नाही.

मे महिन्यात पीठ भरड यायला लागलं.
भरड्याचा वडाभात होतो, भाकरी होत नाही,
थापता थापता कडा फाटतात.
नट आवळला तर मूठ अडते,
सोडला तर ज्वारी जशीच्या तशी खाली.
बाबा कान लावून बसले चक्कीला,
म्हणाले, माग असता तर सांगितलं असतं
कुठं दुखते ते.

दुपारचे दोन. लाईन गेलेली,
कूलरची पाती नुसतीच लटकलेली.
कडी वाजली.
दारात कोण, ते क्षणभर ओळखलंच नाही.
केस काळे होते.
इतकी वर्षं ज्यांना म्हातारं समजलो
ते दिगांबरजी
माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठे,
ओल्या केसांचे, घडी न मोडलेल्या शर्टाचे.

"दोनदा आंघोळ केली जी, साबण लावून.
नखं काढली.
शर्ट साळ्याच्या लग्नातला,
चक्कीवर नेलाच नाही कधी.
तुमच्या बाबांनी काल पानठेल्यावर सांगितलं.
येऊ का आत?"

ते मांडी घालून बसले त्या थंड चौकोनावर.
तबकड्या उतरवल्या, बोट फिरवलं,
एक उलटी बसली होती.
बदलली. मूठ फिरवली.
चिमूटभर पीठ दोन बोटांत चोळून
डोळे मिटले,
गाण्यातली जागा बरोबर लागावी तसे.
"आता फिरवा काका. हळू. घाई केली तर पीठ तापते."

चहा घेतला नाही. बशीतून पाणी घेतलं.
निघताना शलाकाच्या डोक्यावर ठेवायला
हात उचलला त्यांनी,
आणि ठेवण्याआधी
उजेडाकडे वळवून
दोन्ही बाजूंनी नीट पाहिला.